गेटच्या बाहेर

इंग्रजी भाषेशी माझं काही वैर नाही. उलट तिचा साधेपणा मी केव्हाही कबूल करीन. टेबल पुल्लिंगी की नपुंसकलिंगी, या चिंतेने कुणा इंग्रज पोराची झोप उडत नाही. बाई गेली काय, बुवा गेला काय आणि बैल गेला काय, इंग्रजी क्रियापदाचं तोंड तेच. विभक्त्यांचे आठ-आठ रकाने नाहीत, सामान्यरूपाची भानगड नाही. अशा गुणी भाषेशी भांडायला मी काही भांडकुदळ माणूस नाही. माझी तक्रार आहे ती तिच्या क्रियापदांना लागलेल्या शेपटांबद्दल. त्यातही शेपटांचा बिचाऱ्यांचा दोष थोडा. ती आमच्या पोरांच्या गळ्यात ज्या रीतीने बांधली जातात, ती रीत माझ्या डोक्यात जाते.

'गेट' हे क्रियापद घ्या. इंग्रजीत तीन अक्षरांचं, किरकोळ अंगाचं. एकटं असतं तेव्हा गरीब असतं. 'मिळणे' एवढाच त्याचा माफक अर्थ. पण आमच्याकडे एखादा गरीब माणूस तलाठ्याबरोबर दिसला की लोक समजतात सातबाऱ्याचं काम आहे, फौजदाराबरोबर दिसला की भानगड आहे, आणि गुरुजींबरोबर दिसला की लग्न आहे नाहीतर तेरावं आहे. 'गेट'चं तसंच आहे. ते कुणाबरोबर चाललंय त्यावर सगळं. 'अप'बरोबर दिसलं की उठणे. 'ऑन'बरोबर दिसलं की चढणे, 'ऑफ'बरोबर उतरणे. इथवर माणूस समजू शकतो. पण 'गेट ऑन' म्हणजे एकमेकांशी पटणेसुद्धा. 'गेट बाय' म्हणजे कसंबसं भागवणे. 'गेट ओव्हर' म्हणजे दुःखातून सावरणे. 'गेट थ्रू' म्हणजे परीक्षेत पास होणे आणि फोन लागणेही. 'गेट अवे' म्हणजे निसटणे. आणि त्याच्या मागे आणखी एक 'विथ' चिकटवला की करायचं ते करून शिक्षेविना मोकळं सुटणे.

हे सगळं बोरीच्या पोराने पाठ करायचं.

बोरी म्हणजे परभणीहून जिंतूरला जाताना वाटेत लागतं ते. एसटीत डुलकी घेणाऱ्यांना ते लागत नाही, एवढाच त्याचा दोष. मुंबई-पुण्याच्या लोकांना परभणीच मुळात 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' या म्हणीपुरती ठाऊक. मग बोरी कुठून ठाऊक असणार? तरी सांगतो, भाषेच्या बाबतीत आम्ही काही कोरी पाटी घेऊन जन्माला आलेलो नाही. आमचा मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. कचेरीची भाषा उर्दू, शाळेची भाषा उर्दू. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघालं, त्याचंही शिक्षण उर्दूतून. आमच्या आजोबांच्या पिढीने घरात मराठी, बाजारात दखनी आणि कचेरीत उर्दू अशा तीन भाषा एका पगडीखाली बाळगल्या. १९५६ साली आम्ही द्विभाषिक मुंबई राज्यात आलो, १९६० साली महाराष्ट्रात. २००० सालापासून राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. म्हणजे भाषा आली की तिला घोंगडी टाकून बसायला जागा द्यायची, ही आमची जुनी सवय. असं असताना 'खेड्यातल्या पोरांना इंग्रजी जमत नाही' हे वाक्य मी जेव्हा ऐकतो, तेव्हा माझं पित्त खवळतं. आणि त्यामागून हमखास येणारं 'घरी वातावरण नसतं ना' हे वाक्य ऐकलं की उरलंसुरलंही खवळतं.

वातावरण! जसं काही इंग्रजी ही द्राक्षाची बाग आहे. नाशिकची हवा लागते, परभणीच्या उन्हात जळून जाते.

आता पोरांना काय देतात ते पाहा. एखादं गाईड उघडा. कुठलंही उघडा, गाईडं एकमेकांची सख्खी भावंडं असतात. शेवटच्या पानांत एक यादी असते. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी, आणि मांडणी वर्णानुक्रमाने. वर्णानुक्रम ही टेलिफोन डिरेक्टरीसाठी फार उत्तम गोष्ट आहे. पण माणसांची ओळख करून द्यायला कुणी डिरेक्टरी हातात देत नाही. लग्नघरी आलेल्या पाहुण्याला 'हे अंबादास, हे आत्माराम, हे उत्तम, हे एकनाथ' अशी ओळख करून दिली, तर त्यातला व्याही कोण आणि आचारी कोण हे त्या बिचाऱ्याला कसं कळावं? गाईडात 'लुक आफ्टर – काळजी घेणे' याच्या खालीच 'लुक डाउन ऑन – तुच्छ लेखणे' असतं. पोरगं पाठ करतं. परीक्षेच्या दिवशी एक ओळ घसरते आणि ते लिहून येतं, 'माझी आई मला तुच्छ लेखते.' पेपर तपासणारा हसतो. शिक्षकांच्या खोलीत तो किस्सा चहाबरोबर फिरतो. हसू मलाही येतं. पण ते वाक्य व्याकरणात चोख आहे, घसरली ती फक्त यादी, हे चहा संपेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

गुरुजींना मी दोष देणार नाही. त्यांनाही ही यादी त्यांच्या गुरुजींकडूनच मिळालेली. वतन म्हणतात ते हेच.

बरं, ही शेपटं अवघड आहेत हे काही आम्हीच रडतोय असं नाही. सॅम्युएल जॉन्सन नावाच्या बाडबिस्तऱ्यासारख्या देहाच्या विद्वानाने १७५५ साली इंग्रजीचा कोश केला. त्याच्या प्रस्तावनेत त्याने साफ कबूल केलंय की, क्रियापदामागे छोटे शब्द जोडून अर्थ बदलण्याची आपली जी खोड आहे, तिचा परक्या माणसाला सगळ्यात जास्त त्रास होतो. म्हणजे घरमालकच म्हणतोय की जिना अंधारा आहे. या जोडक्रियापदांना 'फ्रेजल व्हर्ब' हे नाव छापून मिळालं ते १९२५ साली, लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या पुस्तकात. आणि त्यांनीही ते नाव हेन्री ब्रॅडली या ऑक्सफर्डच्या कोशकारांनी सुचवलं असं सांगून टाकलं. शेकडो वर्षं वापरात असलेल्या गोष्टीचं बारसं १९२५ साली! ऑक्सफर्डच्या वीस खंडी कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली निघाली, तिच्यात सर्वांत लांबलचक नोंद कुठल्या जडजंबाल शब्दाची असेल असं तुम्हाला वाटतं? 'सेट' या तीन अक्षरी क्रियापदाची. चारशेवर अर्थ.

तेव्हा अवघड आहे, मान्य. पण परकं आहे काय? इथे माझं खरं भांडण सुरू होतं.

आपल्याकडे संस्कृतात 'हृ' असा एक धातू आहे. अर्थ साधाच, नेणे, हरण करणे. त्याच्या आधी 'आ' लावा, आहार होतो. 'वि' लावा, विहार. 'प्र' लावा, प्रहार. 'सम्' लावा, संहार. 'परि' लावला की परिहार, 'उप' लावला की उपहार. एकच धातू, पण 'आ'बरोबर पंगतीला बसतो, 'वि'बरोबर बागेत फिरतो, 'प्र'बरोबर लाठी उगारतो आणि 'सम्'बरोबर सगळ्यांचा निकाल लावतो. सांगा, 'गेट'ने याहून वेगळं काय केलं? आपल्या व्याकरणकारांनी असे बावीस उपसर्ग मोजले. आणि गंमत पुढेच आहे. इंग्रजीत 'पुट आउट द लाइट' म्हणतात आणि 'पुट द लाइट आउट'ही म्हणतात. म्हणजे शेपूट मधेच सुटून वाक्याच्या टोकाला जाऊन बसतं. हे पाहून आमच्याकडचे लोक कपाळावर हात मारतात. पण वेदांच्या भाषेत उपसर्ग असेच क्रियापदापासून सुटे होऊन चार शब्द पलीकडे उभे राहत, क्वचित क्रियापदाच्या मागूनही येत. आणि पाणिनीने अष्टाध्यायीत याची व्यवस्थित नोंद करून ठेवलेली आहे. ज्याला आपण साहेबाचा चमत्कारिकपणा म्हणतो, तो आपल्या ऋषींच्या तोंडी होता. साहेबाने तो टिकवला, आपण सोडून दिला आणि वर त्यालाच हसतोय.

कुणी म्हणेल, संस्कृताचं ठीक आहे हो, बोरीच्या पोराला संस्कृत कुठून येणार? नको येऊ दे. त्याला मराठी येते ना? मग बोरीच्या स्टँडवर चला.

स्टँडवर दिवसभर एकाच क्रियापदाचा गजर चाललेला असतो, तो म्हणजे 'लागणे'. परभणीची गाडी लागली, म्हणजे येऊन उभी राहिली. म्हातारीला गाडी लागली, म्हणजे तिला मळमळतंय, खिडकीजवळ जागा द्या. दोन्ही ठिकाणी गाडीच लागली. पण पहिली ऐकून माणसं गाडीकडे धावतात आणि दुसरी ऐकून गाडीपासून लांब पळतात. इतका मोठा फरक, पण स्टँडवरच्या शेंबड्या पोराचाही त्यात कधी घोटाळा होत नाही. त्याच्याच घरी बोअरला पाणी लागतं, तुरीला शेंगा लागतात, बापाला तंबाखू लागते, काकाला ठेच लागते, थोरला भाऊ नोकरीला लागतो, मधला कुणाच्या तरी नादी लागतो आणि धाकट्याच्या मागे कुत्रं लागतं. दहावीचा निकालही लागतो आणि त्यात घरादाराची वाटही लागते. पाऊस येऊ लागला, याचं आमच्याकडच्या तोंडी 'पाऊस येऊलाला' होतं. तिथे तर 'लागणे' क्रियापदाच्या पोटात असं विरघळतं की शोधून सापडत नाही. हे पोरगं सहा वर्षांचं होईपर्यंत 'लागणे'चे तीस-चाळीस अर्थ कुठलंही गाईड न उघडता खिशात घालून हिंडतं. आणि सातव्या वर्षी आपण त्याला सांगतो, 'बाळ, 'गेट' फार अवघड आहे हं!'

लागणेचं जाऊ द्या. अगदी इंग्रजी थाटाची, म्हणजे दिशेचा शब्द अधिक क्रियापद, अशी जोडपीही आपल्याकडे हवी तेवढी आहेत. पुढारी विधान 'मागे घेतो'. सभा 'पुढे ढकलतात'. फौजदार एखाद्याला 'आत टाकतो', तो जामिनावर 'बाहेर येतो'. मास्तर पोराला 'पुढे घालतात', पोरगं अभ्यासात 'मागे पडतं'. आणि 'वर जाणे'? पाहुण्याने विचारलं, 'आजोबा कुठायत?' आणि उत्तर आलं, 'वर गेले', तर चप्पल काढून जिना चढायचा की टोपी काढून उभं राहायचं, हे घरातल्यांच्या चेहऱ्यावरून ठरवावं लागतं. 'पास अवे' म्हणजे मरणे कसं, असं विचारणाऱ्यांनी आधी 'वर जाणे' म्हणजे मरणे कसं ते सांगावं.

मग अडतं कुठे? अडतं खरं, आणि ते अडणं नीट समजून घेतलं पाहिजे, नाहीतर माझं बोलणं म्हणजे नुसता अभिमानाचा फेटा होईल. मराठीत हालचालीची दिशा बहुतेक वेळा क्रियापदाच्या पोटातच असते. चढणे, उतरणे, शिरणे, निघणे, ओलांडणे, परतणे. 'चढ' म्हटलं की वर हे आलंच. 'वर चढ' म्हटलं तरी तो वर केवळ प्रेमापोटी. इंग्रजी बाई ही दिशा पोटात ठेवत नाही, पदराला गाठ मारून ठेवते. 'गेट' तेच, गाठ 'ऑन'ची की 'ऑफ'ची ते पाहायचं. लिओनार्ड टाल्मी नावाच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९८५ च्या सुमारास जगातल्या भाषांची अशी विभागणी करून दाखवली: काही भाषा वाट क्रियापदात सांगतात, काही जोडशब्दात. फरक एवढाच. हा फरक आठवीतल्या पोराला एका तासात सांगता येतो, फळ्यावर एक एसटी काढून. पण आपण एसटी काढत नाही, यादी काढतो.

एकदा गाठ पाहायची सवय लागली की मग गाठींचेही स्वभाव कळायला लागतात. 'अप' म्हणजे वर, हे झालं पहिल्या दिवसाचं. पण 'ईट अप', 'ड्रिंक अप', 'यूज अप' यांत कोण वर चढतंय? कुणीच नाही. तिथे 'अप' म्हणजे आपलं 'टाकणे'. खाऊन टाक, पिऊन टाक, वापरून टाक. काम पुरतं उरकलं, ताटात शिल्लक काही नाही. 'ऑन' म्हणजे वर, आणि शिवाय 'चालू ठेव': 'गो ऑन', 'रीड ऑन', 'कॅरी ऑन'. आपलं 'वाचत राहा', 'चालत राहा'. 'ऑफ' म्हणजे तुटणे, सुटणे, लांब जाणे: दोर 'कट ऑफ', पाहुणा 'सी ऑफ', सभा 'पुट ऑफ'. टाकणे, राहणे, बसणे, घेणे, देणे ही आपली सहायक क्रियापदं अर्थाला जो रंग चढवतात, त्याच जातीचा रंग त्या इंग्रजी शेपटांच्या डबीत आहे. तंतोतंत नाही, पण सख्खं नसलं तरी चुलत नातं आहे, आणि नात्यातल्या माणसाची भीती वाटत नाही.

हे मी हवेत बोलत नाही. बोरीला आमच्या एका नातलगांकडे दोन दिवस राहायला होतो. घरातला नववीतला मुलगा ओसरीवर बसून मोठमोठ्याने पाठांतर करत होता. 'गेट अवे विथ, म्हणजे अपराध करूनही शिक्षेविना सुटणे. गेट अवे विथ, म्हणजे अपराध करूनही...' शेजारी त्याची आजी लसूण सोलत होती. शाळेचा आणि तिचा संबंध शाळेच्या भिंतीला गोवऱ्या थापण्यापुरता. चौथ्यांदा ऐकल्यावर ती म्हणाली,

"काय घोकूलालास रं सकाळपासून? कोन सुटलं शिक्षेबिगर?"

"कुणी नाही, आजी. इंग्रजी हाये. एखाद्यानं चोरी केली आन् त्याला कायबी झालं न्हाई, तर इंग्रजीत असं म्हणतेत."

"मंग पचवली म्हण की! एवढं लांबडं काहून सांगूलालास? चोरी केली आन् पचवली."

पोरगं गप्प झालं. मी वही सरसावून बसलो आणि म्हणालो, "मावशी, एखाद्याचा त्रास होतो पण बोलता येत नाही, चालवून घ्यावं लागतं, त्याला काय म्हणाल?"

"खपवून घेनं," ती म्हणाली. "सूनबाईला इचारा." आतून भांडं जरा जोरात ठेवल्याचा आवाज आला.

'पुट अप विथ' निकालात निघालं. मग मी विचारत गेलो आणि ती लसणाच्या पाकळ्यांबरोबर एकेक सोलून देत गेली. 'स्टँड आउट'? उठून दिसणे. 'फॉल आउट'? बिनसणे. 'गेट बाय'? भागवणे. 'टेक आफ्टर', म्हणजे मूल बापासारखं दिसणे? "बापावर जानं. ह्ये पोरगं आज्यावर गेलंय, म्हनून घोकतंय." या शेवटच्या उत्तराने मी उडालोच, कारण तिथे तर मराठीनेही इंग्रजीसारखंच एक साधं क्रियापद घेऊन त्याला दिशा दाखवली होती. 'जाणे' आणि 'वर'. आणि आज्यावर जाण्यासाठी आज्याच्या खांद्यावर चढावं लागत नाही, हे त्या पोराला कधीच कुणाला विचारावं लागलं नव्हतं. अर्ध्या तासात सतरा जोडक्रियापदं झाली. पोराने ती पुन्हा घोकली नाहीत. संध्याकाळी त्याची धाकटी बहीण त्याचा पेन घेऊन पळाली, तेव्हा तो ओरडला, "यू कॅन नॉट गेट अवे विथ इट!" उच्चार जिंतूर वळणाचा होता, पण वापर लंडनमध्ये खपला असता.

आता माझे विरोधक म्हणतील, मराठीतून इंग्रजी शिकवलं की पोरं मराठी वळणाचं इंग्रजी बोलतात. हा आक्षेप खोटा नाही. पण ज्यांनी मराठीचा वारा लागू न देता इंग्रजी शिकलं, त्यांची शेपटं काय ठिकाणावर असतात? पुण्या-मुंबईच्या वातानुकूलित कचेऱ्यांतून 'कोप अप विथ' रोज ऐकू येतं. 'कोप'ला नुसतं 'विथ' पुरतं. तो 'अप' कुठून आला ते देव जाणे. 'डिस्कस'ला शेपूटच नसतं, तरी सगळ्या मीटिंगा 'डिस्कस अबाउट' करतात. 'रिटर्न'मध्ये परत असतंच, तरी मंडळी 'रिटर्न बॅक' येतात. आणि 'आय पास्ड आउट इन नाइन्टीन एटी टू' असं अभिमानाने सांगणाऱ्याला इंग्रज माणूस घाबरून पाणी आणून देईल, कारण त्याच्या लेखी 'पास आउट' म्हणजे बहुधा चक्कर येऊन पडणे. आपल्या राज्यात दरवर्षी लाखो पदवीधर असे चक्कर येऊन पडतात. ही सगळी वातावरणवाली माणसं आहेत! त्यांच्या शेपटाला कुणी हसत नाही, कारण त्यांच्या गळ्यात टाय असतो. बोरीच्या पोराचं शेपूट मात्र लगेच मोजलं जातं.

बरं, शेपटं किती शिकवायची यालाही काही सुमार? २००७ साली डी गार्डनर आणि मार्क डेव्हीस या अभ्यासकांनी दहा कोटी शब्दांचा ब्रिटिश इंग्रजीचा संग्रह तपासून मोजदाद केली. निघालं असं की, जिथे जिथे अशी जोडक्रियापदं येतात, त्यांतला जवळजवळ एक तृतीयांश भाग अवघ्या पंचवीस जोड्यांनी व्यापलेला आहे आणि शंभर जोड्यांत निम्म्याहून अधिक काम भागतं. शंभर! आमच्या गावाकडचा किराणा दुकानदार याहून जास्त उधारी तोंडपाठ ठेवतो. आणि आपण पोरांना पाचशे-पाचशेच्या याद्या देतो, ज्यांतली निम्मी खुद्द साहेबाने आयुष्यात दोनदा वापरली नसतील.

शिवाय पोरांना आधीच किती येतं ते कुणी विचारतंय का? कापूस 'पिकअप'मधून जातो. एसटी 'ब्रेकडाउन' होते. म्हातारीचं 'चेकअप' परभणीला होतं. नाटकात 'गेटअप' असतो, प्रवेशाला 'कटऑफ' असतो. २४ मार्च २०२० च्या रात्री 'लॉकडाउन' हा शब्द आला आणि एका रात्रीत अख्ख्या देशाला त्याचा अर्थ कळला. कुणी गाईड छापलं नाही. जगण्यात शब्द आला की तो कळतो. यादीत आला की तो मार्कांपुरता उरतो.

तुम्ही म्हणाल, शेपटांवरून एवढा कशाला तापतोस? तापतो, कारण या शेपटांना लटकून माणसं पडलेली मी पाहिली आहेत. गणितात डोकं चालणारी, चार एकराचा हिशेब तोंडी करणारी मुलं इंग्रजीत नापास झाली, एकदा झाली, दुसऱ्यांदा झाली, मग शाळा सुटली. मुलगी असेल तर शाळा सुटल्यावर पुढचं काय ते मराठवाड्यात सांगायला लागत नाही. त्याच वर्षी मांडव पडतो. जी शिकली, त्यांच्यातही 'आपल्याला इंग्रजी येत नाही' ही बोच राहते. मुलाखतीच्या खोलीत ती समोर बसते आणि येणारं उत्तरही गिळून टाकते. आणि त्या बोचणीवर तोडगा म्हणून आईबाप काय करतात? पोट मारून पोराला रस्त्याकडेच्या 'इंटरनॅशनल' पाटीखाली नेऊन बसवतात. तिथेही यादी तीच असते. फक्त उजवीकडचा मराठी रकाना तेवढा काढून टाकलेला असतो. म्हणजे हातात जी एक काठी होती तीही गेली.

माझ्या मागण्या फार नाहीत. एक, ती वर्णानुक्रमाची यादी गाईडातून काढावी आणि रद्दीत द्यावी. तेवढीच कागदाला किंमत येईल. दोन, पाचशेच्या जागी शंभर जोड्या शिकवाव्यात, पण गोष्टीत, संवादात, भांडणात शिकवाव्यात. भांडण सगळ्यात बरं, त्यात शेपटं फार. तीन, 'अप', 'ऑन', 'ऑफ', 'आउट' यांचे स्वभाव मराठीच्या टाकणे, राहणे, बसणे यांच्या शेजारी मांडून दाखवावेत, आणि त्यासाठी शाळेतल्या मराठीच्या आणि इंग्रजीच्या शिक्षकांनी आठवड्यातून एकदा एका बाकावर बसावं. भाषा भांडत नाहीत, तासिका भांडतात. चार, जिथे नातं जुळत नाही तिथे ते जुळत नाही म्हणून सरळ सांगावं. पोरं तेवढी समजदार असतात.

आणि पाचवी मागणी मोठ्यांसाठी. खेड्यातल्या पोराला इंग्रजी येत नाही, असं म्हणण्याआधी प्रत्येकाने 'गाडी लागली' या वाक्याचे दोन अर्थ एखाद्या इंग्रजाला समजावून सांगावेत. जमलं, तर मग खुशाल त्या पोराची परीक्षा घ्यावी. आम्ही फाटकाशी उभे आहोत. फाटकाला इंग्रजीत 'गेट'च म्हणतात, आणि आमच्या मराठीत दोन्ही 'गेट' एकाच स्पेलिंगने लिहिले जातात. तेव्हा आमच्या दृष्टीने निम्मा अभ्यास झालेलाच आहे.